आत येणारे पाणी, बाहेर जाणारे पाणी

दिल्लीत ‘हिंदूराव’ म्हटले की लोकांना रुग्णालय आठवते. हे नाव एका मराठी सरदाराचे आहे, हे दिल्लीत पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या मराठी कुटुंबांनाही अनेकदा ठाऊक नसते. कागलकर घाटग्यांच्या घराण्यातील हे हिंदूराव म्हणजे ग्वाल्हेरच्या बायजाबाई शिंदे यांचे बंधू. १८३५ मध्ये कंपनी सरकारचा दिल्लीतील अधिकारी विल्यम फ्रेझर याचा खून झाला आणि शहराच्या उत्तरेकडील टेकडीवरचा त्याचा बंगला पुढे हिंदूरावांकडे आला. १८५७ मध्ये इंग्रजांनी याच बंगल्याच्या आश्रयाने टेकडी धरून ठेवली. १९११ पासून तेथे रुग्णालय आहे. आपल्याकडच्या इतिहासाचा एक तुकडा असा दिल्लीच्या बसपाट्यांवर रोज फिरत असतो.

प्रस्तुत लेखाचा विषय मात्र हिंदूराव नाहीत, त्यांची टेकडीही नाही. विषय आहे कोळशाच्या खाणीवर पडणाऱ्या पावसाचा. टेकडीचा उल्लेख एवढ्याचसाठी की तेथे हा विषय त्याच्या सर्वांत साध्या रूपात दिसतो. रुग्णालयाच्या परिसरात फिरोजशाह तुघलकाच्या काळातील, म्हणजे चौदाव्या शतकातील, एक बावली आहे. खडकाळ उतारावर पाऊस पडला की पाणी थांबत नाही. पूर्वेचे यमुनेकडे धावते, पश्चिमेचे नजफगढ नाल्याकडे, आणि तो नालाही पुढे वझिराबादजवळ यमुनेलाच मिळतो. धावणाऱ्या पाण्यापैकी थोडे अडवून ठेवण्यासाठी उंचावर विहीर खोदणे हे त्या काळचे उत्तर होते. टेकडी क्वार्ट्‌झाइटची, दीडशे कोटी वर्षांच्या आसपासची. ती पावसाने सहजासहजी वाहून जात नाही.

खुल्या कोळसाखाणीत माणूस या दोन्ही गोष्टी एकदम तयार करतो: एक प्रचंड विहीर आणि तिच्या शेजारी एक टेकडी. फरक इतकाच की ही टेकडी कालची असते. कोळशावरचे जे काही काढून बाजूला टाकले, त्याचा तो ढीग. खाणीच्या भाषेत ‘ओव्हरबर्डन’, चंद्रपूरकडच्या बोलण्यात ‘ओबी’. आपल्या खाणकायद्याने शंभर वर्षे विहिरीकडे पाहिले. टेकडीकडे त्याचे लक्ष फार उशिरा गेले. आणि टेकडीचा पायथा व नदी यांच्या मधल्या पट्ट्याकडे पाहण्याचे काम नेमके कोणाचे, याचे समाधानकारक उत्तर आजही मिळत नाही.

वर्धा खोऱ्यात कोळशाचे काम एकोणिसाव्या शतकाच्या आठव्या दशकात वरोऱ्याला सुरू झाले. खाण सरकारी होती आणि वर्ध्याहून वरोऱ्यापर्यंतचा लोहमार्ग मुख्यतः तिच्या कोळशासाठी टाकला गेला. १९०६ मध्ये ती बंद झाली. तोवर बल्लारपूरकडे लक्ष वळले होते. या साऱ्या खाणी भूमिगत. जमिनीवर एक चानक, एखादे इनक्लाइन, थोडा कोळशाचा चुरा. वरचे शेत बहुधा शेतच राहत असे. पाण्याचा प्रश्न होता, पण तो पंपाचा प्रश्न होता. पाणी खाली झिरपते किंवा शिरते, ते उपसायचे, न उपसले तर माणसे मरतात.

कायदा याच भीतीतून जन्मला. १८९७ मध्ये कोलारच्या सोन्याच्या आणि बलुचिस्तानातील खोस्तच्या कोळशाच्या खाणीत मोठे अपघात झाले. १९०१ चा खाण अधिनियम आला आणि जानेवारी १९०२ मध्ये कलकत्त्याला खाण निरीक्षणाचे कार्यालय उघडले. १९०८ मध्ये ते धनबादला गेले. आजचे खाण सुरक्षा महानिदेशालय ते हेच. हे कार्यालय श्रम मंत्रालयाचे आहे, ही गोष्ट ध्यानात ठेवावी. श्रम मंत्रालय कामगाराकडे पाहते. त्याच्या दृष्टीने पाणी म्हणजे कामगाराच्या अंगावर येणारे पाणी.

१९५७ च्या कोळसाखाण विनियमांतील १२६ वा विनियम या दृष्टीचा उत्तम नमुना आहे. भूपृष्ठावरील पाणी खाणीत घुसण्याचा धोका असेल तर पुरेसे संरक्षण उभारावे. खाणीचे तोंड त्या जागच्या आजवरच्या सर्वोच्च पूररेषेपेक्षा किमान दीड मीटर उंच असावे. नदी-तलावाखाली व त्यांच्या काठापासून १५ मीटरांच्या आत परवानगीवाचून काम करू नये. पावसाळ्यात नदीच्या पातळीवर अखंड नजर ठेवावी आणि पाणी धोक्याच्या खुणेला पोहोचले की माणसे बाहेर काढावीत. सरकारी मसुद्यात इतकी नेमकी भाषा क्वचित आढळते. काय करायचे, किती मीटरवर करायचे, कोणत्या ऋतूत करायचे, सारे काही त्यात आहे.

तरीही माणसे मेलीच. १८ नोव्हेंबर १९७५ ला नागपूरजवळच्या सिल्लेवाडा खाणीत पाणी शिरून १० जण गेले. त्यानंतर ३९ दिवसांनी, २७ डिसेंबरला, धनबादजवळ चासनाला येथे ३७५. चासनालाच्या गदारोळात सिल्लेवाडा विस्मरणात गेले. महाराष्ट्रातही त्याची आठवण फारशी निघत नाही. चासनालाचे पाणी जुन्या कामाच्या पोकळीत साठलेले होते. पावसाच्या, उघड्यावरच्या पाण्याचा खरा धडा वीस वर्षांनी मिळाला. २६ सप्टेंबर १९९५ च्या रात्री झारखंडच्या (तेव्हाच्या बिहारच्या) कतरास भागात मुसळधार पाऊस झाला, कतरी नदी काठ सोडून खाणीत उतरली आणि गजलीटांड येथे ६४ कामगार बुडाले. नियम ३८ वर्षांचा होता. नदीही तीच होती. अशा वेळी चौकशी अहवालात ‘अभूतपूर्व पर्जन्यमान’ हा शब्दप्रयोग हमखास येतो. अभूतपूर्व म्हणजे आपल्या कागदांपूर्वीचे, असा त्याचा अर्थ मी लावतो.

दरम्यान खाणीच बदलल्या होत्या. १ मे १९७३ पासून कोळशाचे राष्ट्रीयीकरण झाले आणि पुढे नागपूरच्या वेस्टर्न कोलफील्ड्‌सच्या, म्हणजे आपल्या वर्तमानपत्रांतील ‘वेकोलि’च्या, बहुतांश उत्पादनाची जागा खुल्या खाणींनी घेतली. उमरेड, दुर्गापूर, पद्मापूर, सास्ती, घुग्घुस, माजरी ही नावे विदर्भातल्या वाचकांना सांगावी लागणार नाहीत. अर्थशास्त्राच्या अंगाने पाहिले तर निर्णय समजण्यासारखा होता. भूमिगत खाणीत निम्म्याहून अधिक कोळसा छत तोलण्यासाठी मागे सोडावा लागतो. खुल्या खाणीत जवळजवळ सगळा निघतो, यंत्रे मोठी, दर टनामागे मजुरी कमी. पण दर टन कोळशामागे कित्येक घनमीटर माती-दगड बाहेर येतो आणि तो कोठेतरी टाकावा लागतो.

वर्धा खोऱ्यात तो माल विशेष वाईट आहे. वर काळी कापसाची माती, तिच्याखाली पिवळी चिकणमाती, मग कामठी थरातला वालुकाश्म. काळी माती उन्हाळ्यात हातभर भेगाळते. पहिल्या पावसात पाणी त्या भेगांतून थेट आत जाते, माती फुगते आणि तिची पकड सुटते. या प्रदेशातील कडे आणि ढिगारे जूनमध्ये, पावसाच्या आरंभी, धोकादायक होतात त्याचे हे एक कारण. २४ जून २००० रोजी वणी भागातील कावडी खाणीत बाजू ढासळून १० जण दगावले.

आता या कालच्या टेकडीवर पाऊस पडतो तेव्हा काय होते, याचा हिशेब करून पाहू. चंद्रपूरचा वार्षिक पाऊस १२०० मिलिमीटरच्या आसपास, तोही मुख्यतः चार महिन्यांत. एका हेक्टरवर १०० मिलिमीटर पाऊस म्हणजे १० लाख लिटर पाणी. ढिगारा १०० हेक्टरांचा धरला आणि त्यावरचे साठ टक्के पाणी वाहून गेले असे मानले, तर एका दिवसात ६ कोटी लिटर पाणी ढिगाऱ्याचे अंग खरवडत खाली येते. ढिगारा नागडा असेल तर त्यात आधी बारीक रेघा पडतात, त्यांच्या घळी होतात, आणि एकदा घळ पडली की पुढचा प्रत्येक पाऊस तिलाच शोधत येतो. म्हणून ढिगाऱ्याच्या पायऱ्यांना उतार आतल्या बाजूला द्यायचा, बाहेर नाही. पायऱ्यांवरचे पाणी दगडी उतरणीने एका जागी खाली घ्यायचे. पायथ्याशी भिंत आणि चर. खाणीच्या भोवती हाराप्रमाणे फिरणारी ‘गारलँड ड्रेन’, जी बाहेरचे स्वच्छ पाणी खाणीत येऊच देत नाही. आणि शेवटी गाळ बसवण्याचे तळे. वर गवत आणि झाडे, पण आधी गवत. झाडांची आकडेवारी अहवालात शोभून दिसते. माती धरून ठेवण्याचे काम पहिल्या दोन-तीन वर्षांत गवताची मुळे करतात.

तळ्याविषयी थोडे अधिक. कारण सारी गोम तेथे आहे. संथ पाण्यात दहा मायक्रॉन जाडीचा कण एक मीटर खाली बसायला सुमारे तीन तास लागतात. चिकणमातीचा दोन मायक्रॉनचा कण तेवढेच अंतर उतरायला तीन दिवसांहून अधिक घेतो. म्हणजे तळे हे वास्तविक वेळेचे भांडे आहे. पाणी तेथे किती तास थांबले, एवढाच त्याचा गुण. गेल्या वर्षीच्या गाळाने ते अर्धे भरलेले असेल तर पाणी निम्मा वेळ थांबते आणि नकाशावर जसेच्या तसे दिसणारे तळे प्रत्यक्षात अर्धेच उरते. जूनपूर्वी ते उपसले की नाही, या एका प्रश्नाच्या उत्तरावर नदीचा रंग ठरतो.

बाहेर जाणाऱ्या या पाण्याची दखल कायद्याने केव्हा घेतली? १९७४ चा जलप्रदूषण अधिनियम मुख्यतः कारखान्याच्या नळाकडे पाहून लिहिलेला होता. ढिगाऱ्याला नळ नसतो. १९८६ चा पर्यावरण संरक्षण अधिनियम, जानेवारी १९९४ ची पर्यावरणीय परिणाम अधिसूचना आणि सप्टेंबर २००० मध्ये कोळसाखाणींसाठी ठरलेली मानके, असा तो प्रवास आहे. खाणीतून नदी-नाल्यात सोडलेल्या पाण्यात तरंगता गाळ लिटरमागे १०० मिलिग्रॅमपेक्षा अधिक नसावा, हे २००० साली लिहिले गेले. पाणी आत येऊ नये याची नेमकी मोजमापे १९५७ ची. बाहेर काय जाऊ नये याची २००० ची. मधली ४३ वर्षे म्हणजे नेमका तो काळ, ज्यात आपण टेकड्या बांधल्या.

पर्यावरण मंजुरीच्या अटी मात्र चांगल्या आहेत, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. चरींची व संपाची क्षमता त्या भागातील कमाल पावसाहून ५० टक्के अधिक धरून आखावी, चरी व तळी नियमित उपसावीत, ढिगाऱ्याचा एकूण उतार २८ अंशांच्या आत असावा, असे त्यांत लिहिलेले असते. २००६ च्या अधिसूचनेनुसार त्यांच्या पालनाचा अहवाल वर्षातून दोनदा द्यावयाचा: १ जून आणि १ डिसेंबर. या दोन तारखा वाचकांनी पुन्हा एकदा वाचाव्यात. पहिली पावसाच्या आधीची, दुसरी पाऊस संपल्यावरची. वर्षातल्या ज्या शंभर दिवसांत या अटींची परीक्षा असते, त्यांच्या दोन्ही टोकांना अहवाल आहे, मध्ये नाही. आणि दिल्लीहून जाणाऱ्या पाहणी पथकांचा आवडता ऋतू हिवाळा! जानेवारीच्या कोवळ्या उन्हात कोणतीही चर सुबक दिसते. अशा पाहण्यांत मीही गेलो आहे. जेवण उत्तम असते.

खाणव्यवस्थापकाची बाजूही आहे. त्याचे काम टनांत आणि ओबीच्या घनमीटरांत मोजले जाते. एप्रिल-मे हे पावसापूर्वी जास्तीत जास्त कोळसा काढून ठेवण्याचे दिवस. नेमके तेच तळी उपसण्याचेही. एकच शॉवेल, एकच डंपर, आणि दोन कामे. एका कामाचा आकडा रोज संध्याकाळी मुख्यालयाला कळवायचा असतो, दुसऱ्याचा सहा महिन्यांनी. तो काय निवडेल?

न उपसलेल्या गाळाचा खर्च नाहीसा होत नाही, केवळ दुसऱ्याच्या खात्यावर जातो. खालच्या शेतात चिखल साचतो, तलाठी पंचनामा करतो आणि नुकसानीची नोंद ‘अतिवृष्टी’ या शीर्षाखाली होते. आपत्ती मदतीच्या निकषांत शेतातील गाळ काढण्यासाठी साहाय्याची तरतूद आहे. थर ३ इंचांपेक्षा जाड असावा लागतो. पण तो गाळ नदीने डोंगरातून आणला की शेजारच्या ढिगाऱ्यावरून आला, हे विचारणारा रकाना पंचनाम्यात नाही. त्यामुळे खाणीचा खर्च राज्याच्या आपत्ती निधीतून भागतो आणि कोळसा कागदावर स्वस्त राहतो. अर्थशास्त्राच्या वर्गात पिगूचे नाव घेऊन आम्ही हे शिकलो होतो. तलाठ्याच्या पंचनाम्यात ते अधिक स्पष्ट दिसते.

चंद्रपूर शहरात हा प्रश्न शेतापुरता राहत नाही. शहराच्या एका अंगाला इरई, दुसऱ्या अंगाला झरपट, आणि इरईच्या काठाने खाणी व त्यांचे ढिगारे. २००६, २०१३ आणि २०२२ च्या पावसाळ्यांत येथे मोठे पूर आले. ढिगाऱ्यांनी नदीचे पात्र आवळले आणि त्यांच्या गाळाने ते उथळ केले, ही तक्रार शहरातील लोक वर्षानुवर्षे करीत आले आहेत आणि नदी खोल करण्याची कामेही झाली. उत्तरादाखल सांगितले जाते की वर्धा नदीला पूर असला की इरईचे पाणी पुढे सरकत नाही, मागे फुगते. दोन्ही गोष्टी खऱ्या असू शकतात. फुगवटा नदीच्या हाती आहे, ढिगाऱ्याची जागा आपल्या हाती होती. महाराष्ट्राच्या पाटबंधारे खात्याच्या नियमांत १९८९ पासून निळी आणि लाल पूररेषा आहे, पहिली २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, दुसरी १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या. या रेषा घरबांधणीच्या परवानगीसाठी आठवतात. शंभर फूट उंच मातीचा ढीग हे बांधकाम आहे की नाही, यावर मात्र खाते, महामंडळ, मंडळ आणि मंत्रालय यांनी आपापल्या फाइलींत आपापली मते नोंदवली असतील. सुरक्षा महानिदेशालय ढिगारा खाणीत कोसळणार नाही हे पाहते, प्रदूषण मंडळ नमुन्याची बाटली तपासते, पाटबंधारे खाते नदी पाहते. ढिगाऱ्याच्या पायथ्यापासून नदीच्या काठापर्यंतचे अंतर कोणीच आपले मानत नाही.

गंमत अशी की याच शहराला पाण्याच्या प्रशासनाची जुनी परंपरा आहे. पंधराव्या शतकात खांडक्या बल्लाळशहाने आरंभलेल्या परकोटाला चार दरवाजे आणि पाच खिडक्या आहेत. कोट शत्रूसाठी बांधला, पण इरईच्या पुराला आजही शहराची सीमा त्याच्याच पठाणपुरा दरवाजाशी भेटते. त्याहून महत्त्वाची गोष्ट तलावांची. जो तलाव बांधील त्याला त्या तलावाने भिजणारी जमीन द्यायची, अशी गोंड राजांची रीत होती. जुन्या महसुली कागदांत अशा देणगीला ‘तुकूम’ म्हणत. बक्षीस खड्ड्याच्या आकाराला नव्हते, भिजलेल्या जमिनीला होते. तलाव गाळाने भरला की जमीन कमी भिजणार, उत्पन्न कमी होणार, म्हणून गाळ काढणे हा मालकाचा स्वतःचा हिशेब होता. निरीक्षक पाठवण्याची गरज नव्हती.

तुकूम आज चंद्रपुरातील एका मोठ्या वस्तीचे नाव आहे. तिच्या शेजारीच दुर्गापूरची खाण.

ऑगस्ट २००९ मध्ये कोळसा मंत्रालयाने खाण बंद करण्याविषयी मार्गदर्शक तत्त्वे काढली, त्यांत या जुन्या रीतीची अस्पष्ट छाया दिसते. खुल्या खाणीसाठी प्रकल्पक्षेत्राच्या दर हेक्टरी ६ लाख रुपये या हिशेबाने रक्कम एस्क्रो खात्यात हप्त्याहप्त्याने भरायची, आणि टप्प्याटप्प्याने केलेल्या पुनर्भरणाची तपासणी झाल्यावर तिचा काही भाग परत घ्यायचा. वर्तनाशी पैसा जोडला गेला, हे मोठेच पाऊल. तपासणी मात्र पाच वर्षांनी, आणि ती भरलेल्या खड्ड्याची, लावलेल्या झाडांची. ढिगाऱ्याखालच्या तळ्यातून जुलैच्या एका रात्री किती गाळ बाहेर गेला, याच्याशी त्या पैशाचा संबंध नाही.

तो जोडता येईल. तळ्याच्या सांडव्यावर गढूळपणा मोजणारे यंत्र बसवायचे, त्याची नोंद पावसाळ्यात रोज जिल्हाधिकारी कार्यालयात जायची, आणि एस्क्रोतला एक छोटा हिस्सा दर डिसेंबरला त्या नोंदीवरून परत करायचा. अशी यंत्रे आज दुर्मीळ नाहीत. पालन अहवालाची एक तारीख १५ ऑगस्टला आणायला तर यंत्रही लागत नाही. अधिसूचनेत एका ओळीची दुरुस्ती पुरते. वेकोलिने नागपूर जिल्ह्यात ओबीतून वाळू वेगळी काढून घरबांधणीसाठी दिली आहे, खाणीचे पाणी गावांना आणि वीजकेंद्राला दिले आहे. ज्या संस्थेला ढिगाऱ्यातली वाळू विकता येते, तिला त्यातली चिकणमाती मोजताही येईल.

या सूचनेवर पहिला आक्षेप कोणता येईल, याची मला कल्पना आहे. सांडव्यावर बसवलेले यंत्र खाणीच्या हद्दीत धरायचे की हद्दीबाहेर, आणि त्याची देखभाल कोणाच्या अंदाजपत्रकातून करायची?